सुधारणा सुचवली, बक्षीस मात्र नाही: सूचना अर्ज कोणत्या क्रमाने करावा

कामाच्या ठिकाणी सूचना योजना असते, तिच्यात कामात सुधारणा सुचवणाऱ्याला बक्षीस मिळतं का? मिळतं, पण नुसतं सुचवल्याबद्दल नाही. सूचना नियमात बसली पाहिजे, तुमच्या नावाने तारखेसह नोंदली गेली पाहिजे आणि तिचा फायदा मोजून दाखवता आला पाहिजे. या तिन्हींपैकी एक सुटलं की बक्षीस हातचं जातं.

बाद झालेल्या अर्जांमध्ये कल्पनाच कच्ची होती, असं मला क्वचित दिसलं आहे. बहुतेक वेळा क्रम चुकलेला असतो. माणूस आधी तोंडी सांगतो, सुपरवायझर म्हणतो "करून बघ", बदल होतो, सगळे तो वापरू लागतात. तीन महिन्यांनी अर्ज भरायला बसल्यावर लक्षात येतं, की आधी काय होतं याचा एकही आकडा कुठे लिहिलेला नाही. सूचना तपासणाऱ्या समितीच्या मनात अशा माणसाला द्यायचं असलं तरी कशाच्या आधारावर देणार? हे बघून फार वाईट वाटतं, कारण थोडी तयारी केली असती तर त्याचं बक्षीस नक्की होतं.

खालचा क्रम मशीनवर काम करणाऱ्याला जसा लागू आहे, तसाच ऑफिस, गोदाम किंवा रुग्णालयात काम करणाऱ्यालाही आहे.

## १. आधी नियमावली मिळवा आणि पूर्ण वाचा

सूचना पेटीवर लिहिलेल्या चार ओळी म्हणजे नियमावली नव्हे. एचआरकडून योजनेचा पूर्ण कागद मागून घ्या आणि या गोष्टी शोधा.

पात्र कोण? कायम कर्मचाऱ्यांनाच आहे, की कंत्राटी आणि ट्रेनी मंडळींनाही? अधिकारी कोणत्या श्रेणीपर्यंत?

सूचना तुमच्या नेमून दिलेल्या कामाबाहेरची हवी का? अर्ज सर्वांत जास्त इथे अडतात. प्रोसेस इंजिनिअरने प्रोसेस सुधारली तर तो त्याच्या पगारातल्या कामाचाच भाग धरला जातो. तीच सुधारणा ऑपरेटरने सुचवली तर ती सूचना ठरते. ब्रिटनमध्ये सूचना योजनेतल्या बक्षिसाला करमाफी मिळण्याची एक अटच अशी आहे, की ती सूचना त्या माणसाच्या नेहमीच्या कामाचा भाग म्हणून अपेक्षित नसावी. तुमच्या कामाचं लेखी वर्णन काढून बघा आणि सूचना त्याच्या बाहेर कशी आहे, हे एका वाक्यात सांगता येतं का ते पाहा.

आधी लिहायचं की आधी करायचं? योजना दोन प्रकारच्या असतात. पारंपरिक सूचना योजनेत आधी अर्ज, मग मंजुरी, मग अंमलबजावणी. कायझेन (सतत छोट्या सुधारणा करत राहण्याची जपानी रीत) पद्धतीत तुम्ही आपल्या जागेवर छोटा बदल करून दाखवता आणि मग कायझेन शीट भरता. पहिल्या प्रकारच्या योजनेत बदल आधीच करून टाकला, तर अर्ज "अगोदरच अमलात आलेली बाब" म्हणून परत येतो.

बक्षीस कसलं? स्वीकारलेल्या प्रत्येक सूचनेला ठरावीक छोटी रक्कम, बचतीतला टक्का, गुण जमा होऊन मिळणारी वस्तू, की फक्त प्रमाणपत्र? वरची मर्यादा किती? टक्का एकूण बचतीवर की खर्च वजा जाता उरलेल्या बचतीवर?

नाकारलेल्या सूचनेवर तुमचा हक्क किती काळ राहतो? हे कलम कुणीच वाचत नाही. आज नाकारलेली सूचना पुढच्या वर्षी अमलात आली, तर त्या मुदतीत तुम्हाला दावा करता येतो.

> तपासा: या पाचही प्रश्नांची उत्तरं लेखी आहेत का? एखादं नसेल तर एचआरला ईमेल करून विचारा. तोंडी मिळालेलं उत्तर समितीपुढे टिकत नाही.

योजनाच नसेल तर? मग बक्षिसाचा हक्क सहसा नाही, हे मान्य करूनच पुढे जा. तरी खालच्या सगळ्या पायऱ्या तशाच चढा; फक्त अर्जाऐवजी वरिष्ठांना ईमेल जाईल आणि हिशेब वार्षिक मूल्यमापनाच्या फॉर्मवर लिहिला जाईल. मूल्यमापनाच्या आठवड्यात आठवून लिहिलेल्या चार ओळींपेक्षा, झालं त्याच महिन्यात पाठवलेला मोजमापासह ईमेल कितीतरी जास्त कामाला येतो.

## २. प्रश्न छोटा आणि रोजचा निवडा

"प्लँटचा लेआउट बदला", "नवीन सॉफ्टवेअर घ्या" ही सूचना नाही, ती इच्छा आहे. तिच्या मंजुरीसाठी चार विभागांच्या सह्या लागतात आणि श्रेय त्या चार विभागांत वाटलं जातं.

जो त्रास रोज होतो, तुमच्याच डोळ्यांसमोर होतो आणि ज्यावरचा उपाय तुमच्या विभागात करता येतो, तो घ्या. शोधाशोध, वाट पाहणं, पुन्हा केलेलं काम, परत आलेला फॉर्म, दोनदा भरलेली तीच माहिती. यांपैकी एखाद्यातच तुमची सूचना सापडेल.

## ३. बदल करण्यापूर्वी आजची स्थिती मोजा

या पायरीसाठी सगळ्यात जास्त वेळ द्या. पुढे काहीही सुधारता येतं. निघून गेलेली "आधीची स्थिती" मात्र परत मोजता येत नाही.

एक उदाहरण शेवटपर्यंत धरून चालू. समजा एका मशीनवर दिवसात तीन वेळा जॉब बदलतो आणि प्रत्येक सेटअपला खूप वेळ जातो, असं तुम्हाला वाटतं. "खूप" हा शब्द अर्जात चालत नाही. म्हणून:

काय मोजायचं ते आधी ठरवा. सेटअप टाइम म्हणजे जुन्या जॉबचा शेवटचा चांगला पीस निघाल्यापासून नव्या जॉबचा पहिला चांगला पीस निघेपर्यंतचा वेळ. मशीन बंद केल्यापासून सुरू होईपर्यंतचा नाही. पहिला पीस तपासणीला जाऊन पडून राहिला, तर ती वाटही यात धरायची. ही व्याख्या कागदावर वर लिहून ठेवा, कारण बदलानंतरचं मोजमाप याच व्याख्येने करायचं आहे.

पुरेशा वेळा मोजा. एका दिवसाचं रीडिंग पुरत नाही. निदान दोन आठवडे, सगळ्या शिफ्ट, वेगवेगळे ऑपरेटर. तारीख, वेळ, जॉब आणि शिफ्ट प्रत्येक नोंदीसमोर हवी.

वेळ कुठे गेला ते फोडून लिहा. सरासरी सेटअप २२ मिनिटांचा निघाला असं धरू. शेजारी उभं राहून बघितलं तर चित्र असं दिसतं: ऑपरेटर मशीन थांबवतो, मग ॲलन की (षटकोनी किल्ली) शोधायला टूल क्रिबकडे, म्हणजे अवजारांच्या खोलीकडे जातो, परत येतो, जॉब घट्ट धरणारा क्लॅम्प बसवायला घेतो, उंची जुळत नाही म्हणून खाली पट्टी देतो, काढतो, दुसरी देतो. शोधाशोधीत ७ मिनिटं आणि क्लॅम्पच्या उंचीत ४ मिनिटं गेली. उरलेली ११ मिनिटं खरं काम आणि तपासणी. आता उपाय आपोआप समोर येतो: किल्ल्या आणि क्लॅम्प प्रत्येकाची जागा आखलेल्या ट्रॉलीवर, मशीन चालू असतानाच शेजारी आणून ठेवायचे आणि क्लॅम्पखाली प्रत्येक जॉबसाठी एकच ठरलेला ठोकळा.

ऑफिसातही हेच. "फॉर्म वारंवार परत येतात" असं लिहू नका. महिन्यात किती आले, किती परत गेले, कोणत्या रकान्यामुळे गेले, एका परतीमागे किती मिनिटं गेली, ते लिहा. चारशेपैकी साठ फॉर्म परत जात असतील आणि त्यातले चाळीस एकाच रकान्यावर अडत असतील, तर तुमची सूचना त्या रकान्याबद्दल आहे.

फोटो काढायला परवानगी असेल तर आत्ताच काढा. नंतरचा फोटो त्याच कोनातून काढता येईल अशी जागा निवडा.

> सावधान: सर्वांत वाईट दिवस निवडून मोजू नका. समितीतला एक तरी माणूस उत्पादनाच्या नोंदी काढून बघतो. आकडा फुगलेला दिसला की उरलेल्या खऱ्या आकड्यांवरही विश्वास राहत नाही.

## ४. आधी तारखेसह नोंद, मग चर्चा

कल्पना सुचली की पहिल्यांदा ती स्वतःच्या कंपनी ईमेलवरून वरिष्ठांना दोन ओळींत पाठवा: "अमुक मशीनच्या सेटअपमध्ये शोधाशोधीचा वेळ जातो असं दिसतं. मोजमाप सुरू केलं आहे. सुधारणेची सूचना महिनाअखेर देईन." एवढं पुरे. श्रेयाचा वाद झालाच, तर हा ईमेल बोलतो.

त्यानंतर मात्र मोकळेपणाने बोला. त्या मशीनवर तिन्ही शिफ्टला कोण काम करतं, पुढच्या टप्प्याला माल कुणाकडे जातो, मेंटेनन्सला काय अडचण येईल, हे विचारल्याशिवाय सूचना पक्की होत नाही. रात्रपाळीचा ऑपरेटर सांगेल की ट्रॉली तिथे ठेवली तर फोर्कलिफ्टचा रस्ता अडतो. हे समितीत कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं.

कुणी सूचनेत खरी भर घातली तर त्याचं नाव अर्जात घाला आणि वाटा किती हे त्याच वेळी दोघांत लिहून ठेवा. बक्षीस जाहीर झाल्यावर वाट्याची बोलणी करायला बसलेली चांगली माणसं एकमेकांशी बोलेनाशी होतात.

एक अवघड प्रसंग टाळता येत नाही: तुमच्या सूचनेने एखाद्याचं काम कमी होणार असेल तर? माझं मत स्पष्ट आहे. त्या माणसाला आधी सांगा, आणि मोकळा झालेला वेळ कुठे वापरता येईल ते अर्जातच लिहा. सहकाऱ्याच्या पोटावर पाय येणारी सूचना एकदा गेली, की त्या विभागात पुढे कुणीही सूचना करत नाही.

## ५. ट्रायल परवानगीनेच

जे परत पूर्ववत करता येतं आणि ज्यात मालाच्या गुणवत्तेला किंवा सुरक्षेला हात लागत नाही, तेवढंच सुपरवायझरच्या लेखी संमतीने करून बघा. ट्रॉली आणून ठेवणं यात बसतं. मशीनचं पॅरामीटर बदलणं, गार्ड काढणं, सेन्सर बायपास करणं, मटेरियल बदलणं यात बसत नाही. काही बदल ग्राहकाला कळवून मगच करायचे असतात. वाहन उद्योगात माणूस (मॅन), मशीन, मटेरियल, पद्धत (मेथड) यांतल्या बदलाला फोर-एम चेंज म्हणतात आणि त्याची नोंद व मंजुरी न घेता माल गेला, तर बक्षीस राहिलं बाजूला, कारवाई होते.

ट्रायल चालू असताना मोजमाप तिसऱ्या पायरीतल्याच व्याख्येने, तितकेच दिवस. पहिले दोन-तीन दिवस सगळे उत्साहात असतात आणि वेळ फारच छान दिसतो. ते रीडिंगही लिहा, पण सरासरी पूर्ण काळाची काढा.

> तपासा: वेळ कमी झाला, पण रिजेक्शन (तपासणीत नापास होणारा माल) वाढलं का? पुढच्या टप्प्यावर काम साचू लागलं का? याचं उत्तर अर्जात स्वतःहून द्या.

## ६. बचतीचा हिशेब

उदाहरणात सेटअप २२ मिनिटांवरून १३ वर आला असं धरू. शोधाशोधीतली ६ आणि क्लॅम्पमधली ३, अशी ९ मिनिटं वाचली.

- एका दिवसात: ९ × ३ सेटअप = २७ मिनिटं
- वर्षात, ३०० दिवस काम धरून: ८,१०० मिनिटं, म्हणजे १३५ तास

इथे बहुतेक जण थांबतात, १३५ तासांना मशीनच्या तासाच्या दराने गुणतात आणि मोठा आकडा लिहून मोकळे होतात. अकाउंट्सकडून अर्ज परत येतो तो इथेच. कारण त्यांचा प्रश्न वेगळा आहे: या १३५ तासांत नेमकं काय झालं?

त्या मशीनपुढे काम साचलेलं असेल, किंवा ते उरकायला ओव्हरटाइम द्यावा लागत असेल, तर ही खरी बचत. ओव्हरटाइमचे तास कमी झालेले दाखवा, जास्त निघालेला माल दाखवा. पण मशीन तसंही रोज तासभर रिकामं उभं राहत असेल, तर वाचलेली २७ मिनिटं त्या रिकाम्या तासात मिसळतात. कंपनीचा खर्च कमी होत नाही. अशी बचत खोटी नाही, पण ती वेगळ्या रकान्यात जाते आणि तिला सहसा टक्केवारीऐवजी ठरावीक रक्कम मिळते. आपली बचत कोणत्या प्रकारची आहे हे स्वतःच लिहिलंत, तर अर्ज फिरत राहत नाही. दर मात्र स्वतः ठरवू नका, कॉस्टिंग विभागाकडून लेखी घ्या.

मग खर्च वजा करा: ट्रॉली आणि ठोकळे बनवण्याचा, शिकवण्यात गेलेल्या वेळेचा, पुढच्या देखभालीचा. उरतं ते निव्वळ. टक्का सहसा यावर आणि पहिल्या वर्षापुरता असतो. मोठ्या सूचनेचा हिशेब कसा बांधतात याचा अंदाज यावा म्हणून ब्रिटनमधला करमाफीचा नियम सांगतो: पहिल्या वर्षात अपेक्षित बचतीच्या ५० टक्के किंवा पाच वर्षांपर्यंतच्या बचतीच्या १० टक्के, आणि वर मर्यादा ५,००० पौंड. तुमच्या योजनेचं सूत्र वेगळं असेल. पण एक वर्ष की पाच वर्षं, हा प्रश्न तिथेही विचारायचाच.

सुरक्षेची सूचना असेल तर पैशांत बचत दाखवायला जाऊ नका. न झालेल्या अपघाताची किंमत लिहिली की वाद सुरू होतो. त्याऐवजी धोका कुठे, किती वेळा माणूस तिथे जातो, थोडक्यात टळलेले प्रसंग कोणत्या तारखांना नोंदले गेले, हे लिहा. अशा सूचनांना बहुतेक योजनांत वेगळी श्रेणी असते. आणि धोका तातडीचा असेल तर अर्जाची वाट न पाहता त्याच क्षणी सेफ्टी ऑफिसरला कळवा. बक्षीस गेलं तरी चालेल.

## ७. अर्ज लिहिणं

एक अर्ज, एक सूचना. तीन सूचना एकत्र दिल्या की एक अडते आणि तिच्यामुळे उरलेल्या दोन पडून राहतात.

लिहिण्याचा नमुना:

> आजची स्थिती: अमुक मशीनवर सेटअपला सरासरी २२ मिनिटं लागतात (दोन आठवड्यांच्या नोंदी जोडल्या आहेत). त्यातली ११ मिनिटं किल्ल्या शोधण्यात आणि क्लॅम्पची उंची जुळवण्यात जातात.
> सूचना: किल्ल्या व क्लॅम्प जागा आखलेल्या ट्रॉलीवर, मशीन थांबण्यापूर्वी शेजारी. प्रत्येक जॉबसाठी ठरलेल्या उंचीचा ठोकळा.
> ट्रायलचा निकाल: सरासरी १३ मिनिटं. रिजेक्शनमध्ये फरक नाही.
> बचत आणि खर्च: सोबतच्या पानावर. दर कॉस्टिंग विभागाचा.
> टिकवण्यासाठी: ट्रॉलीची तपासणी शिफ्ट बदलताना, तपासणी यादी जोडली आहे.

शेवटची ओळ गाळू नका. "पुढच्या महिन्यात ट्रॉलीवरच्या किल्ल्या गायब झाल्या तर?" हा प्रश्न हमखास येतो आणि त्याला उत्तर तयार असलेला अर्ज लगेच उठून दिसतो.

तक्रारीचा सूर अजिबात नको. "स्टोअरवाले कधीच वेळेवर देत नाहीत" असं लिहिलंत, तर समितीत बसलेला स्टोअरचा माणूस तुमची सूचना वाचणार नाही, स्वतःचा बचाव करेल. तीच गोष्ट "मागणी दिल्यापासून वस्तू हातात येईपर्यंत सरासरी ४० मिनिटं" अशी लिहा.

> सावधान, हा शोध तर नाही ना? तुमची कल्पना पूर्णपणे नवं यंत्र, रसायन किंवा तंत्र असेल, तर ती उघड्या सूचना पेटीत टाकू नका आणि बाहेर कुणाला दाखवू नका. पेटंटआधी जाहीर झालेल्या गोष्टीला पेटंट मिळणं अवघड होतं. ती गोपनीयपणे, लेखी, कायदा विभागाकडे द्या. कर्मचाऱ्यांच्या शोधांसाठी जर्मनीत १९५७ पासून स्वतंत्र कायदा आहे. ब्रिटनमध्ये १९७७ च्या पेटंट कायद्याखाली कर्मचारी भरपाई मागू शकतो. रक्तातली साखर मोजण्याच्या एका तंत्रासाठी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये २० लाख पौंड मान्य केले, आणि तो शोध १९८२ मधला होता. अशा प्रकरणात नोकरीच्या करारातलं शोधांविषयीचं कलम वाचून मगच सही करा.

## ८. जमा करा आणि पोच घ्या

नोंदणी क्रमांक आणि तारीख असलेली पोच हवी. पेटीत टाकायचा अर्ज असेल तर टाकण्यापूर्वी त्याचा फोटो काढा आणि त्याच दिवशी योजनेच्या समन्वयकाला "अर्ज आज पेटीत टाकला आहे" असा ईमेल करा. तीच सूचना दुसऱ्या कुणी दिली असेल, तर बहुतेक योजनांत आधीच्या तारखेला मान मिळतो.

सुपरवायझर "माझ्याकडे दे, मी पाठवतो" म्हणाला तर द्या, पण प्रत समन्वयकाला लावून. तो प्रामाणिक असला तरी कामाच्या ढिगात कागद हरवतो.

## ९. निकालापर्यंत आणि त्यानंतर

नियमावलीत निकालाची मुदत असेल तर ती संपल्यावर, नसेल तर महिन्याभराने, नोंदणी क्रमांक घालून एक सभ्य ईमेल करा. कॉरिडॉरमध्ये भेटल्यावर विचारू नका. त्याची नोंद राहत नाही.

नाकारली तर कारण लेखी मागा. "शक्य नाही" हे कारण नव्हे. खर्च जास्त, की आधीच कुणी दिली होती, की तुमच्या कामाचाच भाग? पहिलं असेल तर स्वस्त पर्यायासह पुन्हा द्या. दुसरं असेल तर आधीच्या अर्जाची तारीख विचारा. तिसरं असेल तर सूचना तुमच्या कामाबाहेरची कशी आहे हे सांगणारं पहिल्या पायरीतलं ते एक वाक्य आता पुढे करा. अपिलाची सोय असेल तर मुदतीत करा आणि कामगार प्रतिनिधीला सोबत घ्या. जर्मनीत तर सूचना योजनेची तत्त्वं ठरवताना कर्मचाऱ्यांनी निवडलेल्या कामगार परिषदेचा सहभाग कायद्यानेच आहे.

नाकारून नंतर अमलात आणली तर चिडून जाऊ नका. बदल कधीपासून दिसतो ती तारीख, जमल्यास फोटो, जुना नोंदणी क्रमांक आणि हक्काच्या मुदतीचं कलम, एवढं एका पानावर लिहून समितीला द्या. तुमची पोच जपून ठेवलेली असेल तर समितीला हा दावा झटकता येत नाही.

मंजूर झाली तर दोन गोष्टी पाहा. एक, रक्कम अंदाजावर दिली की प्रत्यक्ष बचतीवर? काही योजनांत सुरुवातीला थोडी रक्कम आणि वर्षअखेर मोजणी करून उरलेली देतात. ती उरलेली मागायला माणसं विसरतात. त्यासाठी बदलानंतरही दर महिन्याला सेटअपची काही रीडिंग घेत राहा. दुसरं, कर. बक्षीस पगारात धरलं जातं का आणि पगारपत्रकात ते कोणत्या नावाने येतं, हे पेरोलकडून रक्कम जमा होण्याआधीच विचारून घ्या, आणि सूचना सामूहिक असेल तर प्रत्येकाचा वाटा त्याच्या त्याच्या नावावर जाईल असं लेखी कळवा. सगळी रक्कम एकाच्या खात्यात आली, की कर एकालाच लागतो.